भोंगा नसलेली पाळी

गोराईच्या म्हाडा वसाहतीत एखाद्या घरी मोठ्या आयटी कंपनीचे नेमणूकपत्र आले, की पेढ्यांच्या पाठोपाठ एक चौकशी सुरू होते. त्याच कंपनीत आधी लागलेल्या, शेजारच्या गल्लीतल्या कुणा दादाला किंवा ताईला विचारले जाते, ‘कंपनी कशी आहे?’ दादा सांगतो, ‘डोळे झाकून जा. पगार वेळेवर, आईबाबांचा विमा होतो, शिकायलाही मिळतं.’ ताई म्हणते, ‘दोन वर्षं कर आणि बाहेर पड. झोप नाही, सुट्टी नाही, तब्येतीची पार वाट लागते.’ नेमणूकपत्र हातात धरलेल्या मुलाला वाटते, या दोघांपैकी एक जण खोटे बोलतो आहे.

प्रत्यक्षात दोघेही खरे बोलत असतात. एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, एकाच पगारात दोन माणसांच्या शरीरावर कामाचा परिणाम वेगळा होऊ शकतो, आणि तो का होतो याचे बरेचसे उत्तर गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनात आहे. त्या उत्तराकडे कंपन्यांनी, सरकारने आणि घरच्यांनीही गांभीर्याने पाहिलेले नाही. ‘कंपनी चांगली की वाईट’ यावर गप्पा रंगतात. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. तो प्रश्न असा, की कामाच्या वेळेवर आणि पद्धतीवर काम करणाऱ्याचा ताबा किती आहे?

नोकरीने काय दिले

ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने चारकोप आणि गोराई येथे लहान लहान भूखंड आखून दिले. लोकांनी त्यावर आपापली घरे बांधली, सोसायट्या केल्या. या घरांत वाढलेल्या पुढच्या पिढीसाठी आयटीतली नोकरी ही मोठी उडी होती. वडिलांच्या किंवा आजोबांच्या पिढीने गिरण्या बंद पडताना पाहिल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यातले असंख्य पुन्हा कामावर परतलेच नाहीत. नोकरी जाणे म्हणजे काय, हे त्या घरांना कुणी शिकवायला नको.

या उडीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, अर्थात टीसीएस. १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या या कंपनीत मार्च २०२५ अखेर ६ लाखांहून अधिक लोक काम करत होते आणि त्यात एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया होत्या. केवळ अभियंतेच नव्हे, तर बीएस्सी, बीसीए झालेल्या मुलांनाही तिथे घेऊन प्रशिक्षण दिले जाते. इंग्रजी बोलताना अडखळणारी मुले चार-पाच वर्षांत परदेशी क्लायंटशी आत्मविश्वासाने बोलू लागतात. घरात पहिल्यांदा आरोग्य विमा येतो, घराचे कर्ज मंजूर होते, धाकट्या बहिणीचे शिक्षण होते. बेकारी आरोग्याला घातक असते, हेही संशोधनाने अनेकदा दाखवले आहे. त्यामुळे चांगली नोकरी ही स्वतःच एक प्रकारचे औषध आहे, हे दादाचे म्हणणे अगदी रास्त.

मग ताईचे काय? तिच्या अनुभवाला ‘तिला जमलं नाही’ असे म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यासाठी थोडे विज्ञान पाहावे लागेल.

ताण आणि ताबा

१९७९ साली अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी अमेरिका आणि स्वीडनमधील कामगारांच्या माहितीवरून एक साधी मांडणी केली. कामाचा बोजा जास्त असणे ही एक गोष्ट आणि त्या कामावर स्वतःचा ताबा असणे ही दुसरी. बोजा जास्त पण ताबाही जास्त असेल, तर माणूस थकतो, पण शिकतो आणि टिकतो. बोजा जास्त आणि ताबा कमी असेल, तेव्हा तो खचतो. काम कधी करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, ‘हे आज होणार नाही’ असे सांगता येते की नाही, यातून हा ताबा ठरतो.

पुढे ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ या नावाने ओळखला जाणारा दुसरा अभ्यास १९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. दहा हजारांहून अधिक कर्मचारी, सगळेच कार्यालयात बसणारे, कुणीही उपाशी नाही, कुणीही खाणीत उतरत नाही. तरीही ज्यांचा कामावरचा ताबा कमी होता, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. ‘मोठ्या साहेबाला टेन्शन जास्त, म्हणून हार्ट अटॅकही त्यालाच’ ही समजूत या अभ्यासाने खोटी ठरवली. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातील सुमारे दोन लाख लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. जास्त बोजा आणि कमी ताबा असलेल्यांमध्ये हृदयविकाराची जोखीम सुमारे २३ टक्क्यांनी अधिक होती. धूम्रपानाच्या तुलनेत हा धोका बराच लहान आहे आणि असे अभ्यास संबंध दाखवतात, प्रत्येक वेळी कारण सिद्ध करत नाहीत. पण लाखो लोक ज्या कामात आहेत, तिथे लहान जोखमीचाही एकूण हिशेब मोठा होतो.

जर्मनीतील संशोधक योहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये आणखी एक बाजू दाखवली. माणूस जेवढे घालतो आणि त्याला जेवढे परत मिळते, त्यांचा मेळ बसला नाही तर शरीर त्याची नोंद घेते. परत मिळणे म्हणजे फक्त पगार नव्हे; मान, बढती आणि नोकरीची शाश्वती हेही त्यात येते.

आता गोराईतले दोन शेजारी डोळ्यांसमोर आणावेत. दोघे एकाच कंपनीत, एकाच हुद्द्यावर. एकाचा प्रोजेक्ट भारतीय बँकेचा, मालाडला. सकाळी साडेनऊला सुरू, संध्याकाळी सातला बंद. मॅनेजर ‘शनिवारी फोन करू नका’ म्हणणारी. दुसरीचा प्रोजेक्ट अमेरिकी विमा कंपनीच्या सपोर्टचा, ऐरोलीला; रोस्टर दर आठवड्याला बदलणारा; रात्री दोनला अलर्ट आला तर पंधरा मिनिटांत लॉगइन करावेच लागणार. ओळखपत्रावरचे कंपनीचे नाव सारखे असले, तरी आरोग्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. कोणती कुणाच्या वाट्याला येईल, हे बहुधा प्रशिक्षण संपताना कुठे जागा रिकामी होती यावर ठरते.

शरीराचे घड्याळ क्लायंटला विचारत नाही

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळ तासाने पुढे-मागे करतात, म्हणून इथली पाळीही दोनदा सरकते. कागदावर हा केवळ एका तासाचा फरक.

मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात सुमारे वीस हजार पेशींचा एक ठिपका असतो. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून तो शरीराचे घड्याळ लावतो. झोप आणणारे मेलाटोनिन कधी पाझरायचे, शरीराचे तापमान कधी उतरायचे, इन्सुलिनला शरीराने कधी चांगला प्रतिसाद द्यायचा, हे सारे त्या तालावर चालते. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री दोन वाजता पांढऱ्या दिव्याखाली बसून कँटीनमधला वडापाव खाल्ला, तर तोच वडापाव शरीर दुपारच्यापेक्षा वेगळ्या रीतीने पचवते. साखर अधिक वेळ रक्तात राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो असा नाही. पण ही गोष्ट ‘सवय होईल हळूहळू’ म्हणून सोडून देण्यासारखी नाही, एवढे नक्की. सतत बदलणाऱ्या पाळीला शरीर सरावतच नाही. सरावण्याआधीच ती बदललेली असते.

त्यात प्रवास. बोरिवली पश्चिमेहून मेट्रो २अ ने मालाडला जाणे आता सोपे झाले आहे. पण गोराईहून ऐरोली म्हणजे आधी बेस्टची बस, मग बोरिवलीहून दादर, तिथून ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरची गाडी. जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच. जेवणाच्या सुट्टीसह दहा तासांचे ऑफिस आणि चार तासांचा प्रवास धरला तर दिवसाचे चौदा तास गेले. उरलेल्या दहा तासांत आंघोळ, जेवण, मुलाचा अभ्यास, आईचे औषध आणि झोप. युरोपीय संघाच्या कायद्यात दोन कामांच्या दरम्यान सलग ११ तासांची विश्रांती बंधनकारक आहे. तिथल्या ११ तासांतूनही प्रवास वजा होतोच. पण इथे घरी पोहोचल्यावर पुन्हा लॅपटॉप उघडून कॉल घ्यावा लागला, तर त्याची नोंदही कुठे होत नाही.

स्त्रियांसाठी हा हिशेब आणखी कडक होतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे ताईची एक पाळी ऐरोलीला संपते आणि दुसरी ओट्यापाशी सुरू होते.

गिरणीत भोंगा होता. कापसाच्या धुळीने छाती भरत असे, मजुरी तुटपुंजी होती, त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण भोंगा वाजला की पाळी संपली, हे मालकालाही कळे आणि घरी वाट पाहणाऱ्यांनाही. तो मान्य करावाच लागे. लॅपटॉपच्या नोकरीतून नेमका तो भोंगा नाहीसा झाला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ झबिने झोनेनटाग यांचे संशोधन दाखवते की काम संपल्यावर मन कामापासून सुटले, तरच शरीर सावरते. नुसते घरी असणे पुरेसे नाही. फोन उशाशी आणि कान अलर्टकडे असतील, तर ती विश्रांती होत नाही.

सत्तर तास कुणाचे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांविषयीचे बोलणे गाजले. यावर खूप विनोद झाले, पण वैद्यकीय उत्तर फार थोड्यांनी दिले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळतो. २०१६ या एका वर्षात जगभरात अशा दीर्घ कामाशी जोडलेले ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा या अभ्यासाचा अंदाज आहे.

संस्थापकांनी स्वतः उमेदीच्या काळात ७० तास काम केले असेल, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण ते ७० तास त्यांचे स्वतःचे होते. बैठक कधी घ्यायची, कुणाला ‘नाही’ म्हणायचे, हे तेच ठरवत, आणि यशाचा वाटाही त्यांचाच होता. रोस्टरवर नाव असलेल्या टेस्टरचे ७० तास हे कॅरासेक आणि सिग्रिस्ट यांच्या भाषेत निराळे ७० तास आहेत. बोजा तोच, पण ताबा नाही आणि परतावाही नाही. नवख्याला मिळणारा वार्षिक पगार दशकाहून अधिक काळ साडेतीन लाख रुपयांच्या आसपासच रेंगाळला आहे, हे इथे लक्षात घ्यावे लागते.

ताबा कसा दिला जातो आणि कसा काढून घेतला जातो, हे गेल्या पाच वर्षांत टीसीएसमध्येच दिसले. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले, की २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी फक्त २५ टक्के कर्मचाऱ्यांनाच ऑफिसात असण्याची गरज पडेल. काहींनी त्या भरवशावर गावी घर थाटले, काहींनी मुलांच्या शाळा बदलल्या. ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात येण्यास सांगण्यात आले आणि २०२४ मध्ये बदलत्या पगाराचा हिस्सा हजेरीशी जोडला गेला. जून २०२५ मध्ये नियम आला, की वर्षात २२५ दिवस तरी क्लायंटच्या कामावर असले पाहिजे आणि ‘बेंच’वर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहता येणार नाही. जुलै २०२५ च्या अखेरीस सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर झाले. त्यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. नवख्यांना अनुभवी माणसांसोबत बसून शिकता येते, संस्थेची संस्कृती एकत्र आल्यानेच टिकते, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कामाचे स्वरूप बदलते आहे, ही कारणे पोकळ नाहीत. घरून काम करणे सर्वांना मानवतेच असेही नाही. गोराईतल्या दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, शाळकरी मूल आणि टीव्ही यांच्यामध्ये लॅपटॉप मांडून बसलेल्यांना करोनाकाळाने ते चांगलेच शिकवले. ऑफिसातले वातानुकूलित शांत टेबल अनेकांना सुटका वाटते. मुद्दा घर की ऑफिस हा नाहीच. आपले आयुष्य ज्या नियमावर बेतले, तो नियम एका ईमेलने बदलतो आणि त्यात आपला शब्द नसतो, यातून येणारी असहायता हा मुद्दा आहे. शाश्वती गेली की तीच खुर्ची आणि तेच काम अधिक जड होते.

संगणक बिघडले तेव्हा

उपनगरातच घडलेली एक गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. मालाडच्या चिंचोली बंदर येथील जुन्या कचराभूमीच्या परिसरात आयटी कार्यालये उभी राहिली. काही काळाने तिथले संगणक आणि वातानुकूलन यंत्रे वारंवार बिघडू लागली. कर्मचारी डोकेदुखी, मळमळ यांच्या तक्रारीही करत होते. गाडलेल्या कचऱ्यातून झिरपणारे वायू यंत्रांतला धातू गंजवत होते. मग हवा तपासली गेली, तज्ज्ञ आले. गोराईकरांना हे नवे नाही. त्यांच्या दारची कचराभूमी २००७ मध्ये बंद करून, मातीने झाकून, आतला मिथेन बाहेर काढण्याची व्यवस्था करावी लागली होती. तिथे शेजारच्या रहिवाशांना ‘दीर्घ श्वास घ्या’ असा सल्ला देऊन कुणी थांबले नाही. वायू जिथून येतो तिथे उपाय केला गेला.

कामाच्या ताणाच्या बाबतीत मात्र उलटे होते. वायूचा उगम तसाच ठेवून माणसांना श्वास कसा घ्यावा हे शिकवले जाते. वर्षातून एकदा ‘वेलनेस वीक’, एक योगसत्र, फोनवर ध्यानाचे ॲप, पावले मोजण्याची स्पर्धा. योग आणि ध्यान चांगलेच आहेत; गोराईच्या पलीकडच्या तीरावरील विपश्यना पॅगोडात जाऊन अनेकांना शांती लाभते. पण तिथे माणूस स्वतःहून, वेळ काढून जातो. ताणाचे कारण तसेच ठेवून कंपनीने दिलेल्या उपक्रमाने काय साधते, हे ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून तपासले. तणावनियोजनाचे वर्ग, ॲप, लवचिकतेचे प्रशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मनःस्वास्थ्यात जवळपास फरक आढळला नाही. अपवाद होता तो समाजसेवेच्या संधीचा. जागतिक आरोग्य संघटनेने ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना तो व्यक्तीचा आजार मानला नाही, तर कामाच्या ठिकाणी न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदवला, यातही हाच संकेत आहे.

उपाय आहे, तो तपासलेलाही आहे

कामाची पद्धत बदलली तर आरोग्य सुधारते का? याचे उत्तर एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या आयटी विभागातच शोधले गेले. एरिन केली आणि फिलिस मोएन या समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या पन्नासहून अधिक गटांपैकी काहींत नवी पद्धत आणली आणि बाकीचे गट जुन्याच पद्धतीवर ठेवले. कोणत्या गटाला काय मिळेल, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले, म्हणजे औषधाच्या चाचणीसारखेच. नवी पद्धत साधी होती. काम कधी आणि कुठून करायचे, हे गटाने मिळून ठरवायचे. कोणत्या बैठका निरुपयोगी आहेत ते उघड बोलायचे. आणि मॅनेजरांना माणसांची विचारपूस करायला शिकवायचे. कामाचे उद्दिष्ट मात्र कमी केले नाही. या गटांत थकवा कमी झाला, कामाविषयी समाधान वाढले आणि तीन वर्षांत स्वतःहून नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी राहिले. याच प्रकल्पात नंतर तपासणी झाली तेव्हा, सुरुवातीला हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या कर्मचाऱ्यांत तो इतका उतरला होता, की जणू त्यांचे वय पाच वर्षांनी कमी झाले.

या गोष्टीचा शेवट मात्र कडू आहे. ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि नव्या व्यवस्थापनाने ही पद्धत गुंडाळली. चांगली पद्धत एखाद्या भल्या वरिष्ठाच्या मर्जीवर टिकत नाही, तिला नियमाचा आधार लागतो, हा त्यातला धडा.

असे नियम कोणते असावेत? पहिला, रोस्टर किमान दोन आठवडे आधी हातात पडावा आणि पाळी दर आठवड्याला बदलू नये. दुसरा, दोन कामांच्या मध्ये सलग ११ तास विश्रांती. रात्री अलर्टवर उठावे लागले, तर सकाळची हजेरी तेवढी पुढे जावी. तिसरा, क्लायंटच्या वेळेचा बोजा वाटून घ्यावा. दरवेळी मुंबईनेच रात्री जागायचे आणि न्यूयॉर्कने कॉफीच्या वेळी कॉल घ्यायचा, यात बदल होऊ शकतो. मागितला मात्र पाहिजे. चौथा, वार्षिक वैद्यकीय तपासणीबरोबर प्रोजेक्टचीही तपासणी व्हावी. कर्मचाऱ्याचे कोलेस्टेरॉल मोजणाऱ्या कंपनीने त्या प्रोजेक्टमध्ये महिन्याला किती रात्री जागल्या जातात, किती रजा नाकारल्या जातात, हेही मोजावे. मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार दरवर्षी जबाबदारी अहवाल द्यावा लागतो. त्यात नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण, विमा, कामाच्या स्थितीविषयीच्या तक्रारी हे सारे असते. प्रत्यक्ष कामाचे तास आणि रात्रपाळ्या यांचेही रकाने त्यात घालावेत. भागधारकांना नफा कळतो, तसा त्यामागचा जागरणाचा आकडाही कळला पाहिजे.

सरकारची दिशा मात्र उलटी दिसते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. दुसरीकडे, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून कायद्याने दिला आहे. भारतात तसे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले गेले, ते बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांच्याकडून. त्यावर तेव्हा ‘इथे चालणार नाही’ अशी टीका झाली. आठवड्याची सुट्टी आणि आठ तासांचा दिवस यांविषयीही गिरणीमालक एकेकाळी हेच म्हणत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीतून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, आणि त्यामुळे गिरण्या बंद पडल्या नाहीत.

कायदा येईपर्यंत कर्मचाऱ्याला करता येण्यासारखे थोडे आहे, पण अगदीच कमी नाही. रात्रपाळी असेल तर दिवसा खोली अंधारी ठेवणे, मध्यरात्री जड खाणे टाळणे, पाळीनंतर स्वतः गाडी न चालवणे, रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासून घेणे. तीन आठवडे झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, सकाळी ऑफिसच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि कामाच्या वेळा त्यांना सांगाव्यात. अनेक डॉक्टर त्या विचारत नाहीत आणि रुग्ण आपणहून सांगत नाहीत. घरच्यांनीही दुपारी झोपलेल्या सुनेला आळशी म्हणू नये. ती तिची रात्र असते.

आणि पुढच्या वेळी कुणाच्या हातात नेमणूकपत्र पडेल, तेव्हा दादाला आणि ताईला जरा वेगळे प्रश्न विचारावेत. प्रोजेक्ट कुठल्या क्लायंटचा? पाळी कोण ठरवतो आणि किती दिवस आधी कळते? रजा मागितली तर काय होते? मॅनेजरला ‘नाही’ म्हणता येते का? या उत्तरांवरून पुढच्या दहा वर्षांतल्या रक्तदाबाचा अंदाज कंपनीच्या नावापेक्षा अधिक चांगला येतो. हेच प्रश्न एकेकट्याने विचारले तर त्याला तक्रारखोर म्हटले जाते. सहा लाख लोकांनी विचारले, तर पाळी संपल्याचा भोंगा पुन्हा वाजवावाच लागेल.